संत फोकासच्या दाराची कडी

एवान्थियाला आयुष्यात दोनच जमातींचा मनापासून राग होता. एक, सकाळी नऊच्या लाँचला सव्वानऊला डुलत डुलत येणारे प्रवासी. आणि दुसरी, बकऱ्या. प्रवाशांना निदान चार शब्द सुनावता येत. बकऱ्यांपुढे मात्र तिचं काही चालत नसे. गिदोनीसी बेटावर माणूस एकही राहत नाही, बकऱ्या मात्र शंभरावर, आणि बेटाच्या टोकाला संत फोकासचं जे चिमुकलं पांढरं देऊळ आहे ते आपल्यासाठीच बांधलंय असा त्या सगळ्यांचा ठाम समज. तीन वर्षांपूर्वी एका बोकडाने आत शिरून अर्ध्या मेणबत्त्या फस्त केल्या, एवान्थियाच्या आईने स्वतःच्या हातांनी भरलेल्या वस्त्राचा चावून चोथा केला आणि वर पाद्रीबाबांच्या खुर्चीशेजारी खुशाल ताणून दिली. तेव्हापासून त्या दाराला बाहेरून जाड लोखंडी कडी आली. समोरच्या किनाऱ्यावरच्या लिमानाकी गावचं माणूस त्या देवळात शिरताना छातीवर क्रूस काढतं आणि बाहेर पडताना कडी लावतं. दोन्ही गोष्टी हात आपसूक करतात, डोक्याला विचारत नाहीत.

देवळाची देखभाल एवान्थियाच्या घराण्याकडे होती. तिच्या आजोबांची होडी एकदा त्या खडकांवर फुटता फुटता वाचली, तेव्हाचा नवस. आता ती आणि तिचा नवरा स्त्रातिस उन्हाळ्याचे चार महिने आपल्या लाकडी लाँचमधून लोकांना सहलीला नेत. सकाळी समुद्रातल्या गुहा, मग पोहणं, मग गिदोनीसीवर देवळाचं दर्शन, खाली किनाऱ्यावर निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या, आणि संध्याकाळच्या आत परत. लाँच स्त्रातिसची, बडबड एवान्थियाची. देवळाच्या झाडलोटीतही अशीच वाटणी होती. बाहेरचं सगळं ती झाडायची, पुसायची, चुना काढायची. पडद्यामागचा गाभारा मात्र स्त्रातिस झाडायचा. दिव्याचं तेलसुद्धा ती पडद्याबाहेर उभी राहून त्याच्या हातात द्यायची. बाईमाणूस गाभाऱ्यात जात नाही. यात रागवण्यासारखं, रडण्यासारखं तिला कधी काही वाटलं नव्हतं. तेवढं झाडायचं काम वाचलं, एवढंच.

त्या दिवशी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, लाँचवर तेवीस प्रवासी होते. त्यात अथेन्सहून आलेली दानाई नावाची एक गणिताची शिक्षिका होती आणि तिची आठ वर्षांची मुलगी मिर्तो. मुलगी कसली, काडी होती नुसती. पण त्या काडीला तोंड असं होतं की विचारू नका. ही गुहा कोणी खणली? माशांना तहान लागते का? लाँच झोपते कुठे? पहिल्या तासाला एवान्थियाला तिचं कौतुक वाटलं, दुसऱ्या तासाला ती थकली, आणि दुपारी एक वाजता भर उन्हात सगळ्यांना घेऊन देवळाची चढण चढताना तिला वाटू लागलं की आपण अख्ख्या शाळेला घेऊन निघालोय.

देवळात एका वेळी दहा-बारा माणसं मावत. लोक आले, मेणबत्त्या लावल्या, फोटो काढले, उकडतंय म्हणत बाहेर गेले. मिर्तो मात्र गाभाऱ्यापुढच्या लाकडी आडभिंतीच्या मधल्या दारावरच्या लाल पडद्याकडे बघत उभी.

"मावशी, त्या पडद्यामागे काय आहे?"

"गाभारा."

"तिथे कोण राहतं?"

"कोणी राहत नाही. तिथे पाद्रीबाबा प्रार्थना करतात. मुलींनी तिथे जायचं नसतं."

"तू पण नाही गेलीस?"

"अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, एकदाही नाही."

"का?"

"नसतं जायचं म्हणून."

"आणि गेलं तर?"

खालून लाँचचा भोंगा वाजला. म्हणजे निखारे तयार झाले होते आणि स्त्रातिसचा पारा चढायला लागला होता. एवान्थियाचे पाय दुखत होते, घामाने पाठ चिकटली होती.

"गेलं तर संत फोकास आत कोंडून ठेवतात," ती म्हणाली. "चल, पळ आता खाली आईकडे."

मिर्तो हसली नाही. पण हे एवान्थियाने पाहिलंच नाही, पाठ फिरवून ती बाहेर गेली होती. तिने लोकांना पलीकडच्या डोंगराची शेंडी दाखवली, पत्र्याने झाकलेली जुनी पाण्याची टाकी दाखवून तिकडे कोणी फिरकू नका असं बजावलं, आणि सगळ्यांना पायवाटेने खाली पिटाळलं. मग परत येऊन दारातून आत डोकावली. चार खुर्च्या, वाळूच्या परातीत विझत आलेल्या मेणबत्त्या, चिटपाखरू नाही. तिने दार ओढलं, क्रूस काढला, कडी घातली आणि उतरणीला लागली.

तारल्या चांगल्या झाल्या होत्या. टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज, गार वाइन, शेवटी कलिंगड. लोक समुद्रात उतरत होते, वर येत होते, सावलीत लवंडत होते. पावणेतीनच्या सुमाराला पाण्यावर पहिली सुरकुती उठली आणि स्त्रातिसने कलिंगड कापता कापता मान वर केली.

"लवकर सुटला आज," तो म्हणाला.

उत्तरेचा हा वारा, मेल्तेमी, रोज चारनंतर सुटायचा. तो एकदा अंगात आला की लिमानाकीच्या बंदरात शिरणं म्हणजे दिव्य. एवान्थिया भांडी आवरायला लागली. तेवढ्यात दानाई टॉवेलने केस पुसत तिच्याकडे आली.

"मिर्तोला पाठवा ना जरा. कपडे बदलायचेत तिचे."

"माझ्याकडे नाही ती."

"असं कसं?" दानाई हसत होती. "सकाळपासून तुमची पाठ सोडत नाहीये. मला म्हणाली, मी मावशीबरोबर राहते. म्हणून तर मी निवांत झोपले."

"मी तिला तुमच्याकडे पाठवलं. देवळातून. एक वाजता."

दानाईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, नुसतं, त्याच्या आतलं सगळं निघून गेल्यासारखं.  एक वाजता. आता तीन वाजायला आले होते. या दोन तासांत त्या पोरीला कोणी पाहिलं होतं? कोणी तिला मासा दिला होता? कलिंगड दिलं होतं? तिने एकेकाला विचारलं. सगळ्यांना वाटत होतं की आपण तिला पाहिलंय, आणि नीट विचारलं की प्रत्येकाला आठवत होतं ते सकाळचं.

स्त्रातिसने सुरी खाली ठेवली. "किती प्रवासी आहेत?"

एवान्थियाने मोजले. बावीस. पुन्हा मोजले, बोट लावून, मोठ्याने. बावीस.

"मी वर बघून येतो," असं म्हणून तो साठीचा गडी बकरीसारखा ती चढण चढला. सगळे माना वर करून उभे राहिले. सात-आठ मिनिटांनी तो देवळाजवळून हात हलवताना दिसला. नाही, नाही. खाली येऊन धापा टाकत म्हणाला, "देवळाला बाहेरून कडी आहे. आत कोण असणार?"

"आत कोणी नव्हतं," एवान्थिया म्हणाली. "मी स्वतः बघून कडी लावली."

झालं. देवळाचा प्रश्न तिथेच मिटला.

मग जी शोधाशोध सुरू झाली तिच्यात कुणाचं लक्ष कुणाकडे राहिलं नाही. कोणी झुडपांत गेलं, कोणी खडकांमागे, कोणी पाण्यात उतरून तळ बघू लागलं. स्त्रातिसने लाँचवरच्या रेडिओवरून बंदर पोलिसांना कळवलं. त्यांची बोट दक्षिणेला होती. या वाऱ्यात दीड तास तरी लागेल म्हणाले. "मिर्तोऽ! मिर्तोऽ!" बावीस गळ्यांतून हाका निघत होत्या आणि वारा त्या तोंडासमोरून उचलून नेत होता. सगळ्यांत मोठ्याने दानाई ओरडत होती. ती बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती, पायात चप्पल नव्हती, काट्यांनी पोटऱ्या रक्ताळल्या होत्या. एवान्थिया तिच्या मागे मागे होती. ती स्वतःशी पुटपुटत होती, पानाइया, प्रभूच्या आई, माझं काय घ्यायचं ते घे, पण ही पोर दाखव. तिला स्वतःचे दोन मुलगे होते, दोघेही आता मोठे, बोटींवर नोकरीला. ते लहान असताना जी भीती तिने रोज घासभर गिळली होती ती सगळी आज एकदम घशाशी आली.

आणि मग कुणीतरी ओरडलं की टाकीवरचा पत्रा सरकलाय.

 ती टाकी पावसाचं पाणी साठवायला कुणी बांधली कोण जाणे. तीन पुरुष खोल, आत उतरायला पायरी नाही. पत्रा खरंच हातभर बाजूला होता. बकऱ्यांनी सरकवला असेल, वाऱ्याने सरकवला असेल, आठ वर्षांच्या मुलीनेही सरकवला असेल. फोनच्या उजेडात खाली काळं पाणी चमकलं आणि त्यावर काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं.

दानाईने आत उडीच घेतली असती. दोघांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं.

"मी उतरतो," स्त्रातिस म्हणाला. त्याने लाँचवरचा दोर छातीला बांधला. चार माणसांनी दोर धरला, पाचवी एवान्थिया. दोर तळहातातून सरकत होता आणि ती त्या पांढऱ्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून उभी होती. मिर्तोने काय घातलं होतं? पांढरा सदरा की पिवळा? सकाळपासून ती मुलगी समोर होती आणि आता तिला रंग आठवत नव्हता.

खालून पाण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"स्त्रातिस!" ती किंचाळली. "बोल ना रे!"

"पिशवी आहे," खालून घुमून आवाज आला. "प्लास्टिकची पिशवी. थांबा, तळ चाचपतो." खाली पाणी डहुळलं.  "गाळ आहे. दगड आहे. नाही. इथे नाही ती."

कोणीतरी हुंदका दिला. पण जिवात जीव आला तो क्षणभरच. टाकीत नाही म्हणजे मग राहिला उत्तरेचा कडा, नाहीतर समुद्र. स्त्रातिस वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा गाळ आणि चेहरा राखेसारखा. त्याने समुद्राकडे पाहिलं. लाटांची टोकं पांढरी झाली होती. "मी छोटी होडी घेऊन कड्याखालून फिरून येतो," एवढंच म्हणाला आणि निघाला. तो पाण्यात काय शोधायला चाललाय हे सगळ्यांना कळलं. दानाईलाही.

ती मटकन खाली बसली. आवाज पार बसला होता. "ओ दिली असती तिने," ती म्हणत होती, एवान्थियाला नव्हे, कुणालाच नव्हे. "जिवंत असती तर ओ दिली असती. ती गप्प बसूच शकत नाही. झोपेतसुद्धा बोलते. तिला गप्प बसवायचं म्हणजे कुणीतरी घाबरवावं लागतं."

एवान्थिया तिच्या शेजारी उभी होती. तिने ते वाक्य ऐकलं, आणि दुपारचं स्वतःचंच वाक्य तिच्या कानात वाजलं.

गेलं तर संत फोकास आत कोंडून ठेवतात.

तिने आत डोकावलं होतं हे खरं. चार खुर्च्या, मेणबत्त्या. पण पडद्यामागे? पडद्यामागे तिने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. गाभारा ही जागा तिच्या लेखी माणूस असण्याची जागाच नव्हती. ती तिथे जात नाही, म्हणून तिथे कोणी नसतं. आणि मग तिने स्वतःच्या हाताने कडी घातली होती.

दानाईला तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार? ती देवळाकडे धावत सुटली. दुपारी एक वाजता दुखणारे पाय आता कुठे होते कोण जाणे. कडी घाईघाईत वर उचलताना दोनदा निसटली. दार उघडलं.

"मिर्तो?"

देऊळ रिकामं. पण दार उघडताच लाल पडदा तिच्या दिशेने फुगून आला. आत वारा होता. म्हणजे गाभाऱ्यातली खिडकी उघडी होती, ती हातभर रुंदीची फट, जिच्या लाकडी झडपेला स्त्रातिस दरवर्षी रंग द्यायचा. त्या खिडकीखाली काय आहे हे एवान्थियाला माहीत होतं. लाँचवरून तिने ते हजारदा लोकांना दाखवलं होतं: बघा, देवळाची मागची भिंत कशी थेट कड्यावर उभी आहे.

ती पडद्यापाशी गेली आणि तिथेच थबकली. एका क्षणाची ती गोष्ट, पण त्या क्षणाची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली. आत एका लेकराचा जीव टांगणीला लागलेला आणि हिचा पाय उचलेना. मग तिने मोठ्याने, जणू समोर कोणी उभं आहे असं म्हटलं, "संतबाबा, शिक्षा मला कर," आणि पडदा बाजूला सारून आत गेली.

आत एक लहानसं टेबल, पांढरं कापड, धूळ. खिडकी उघडी. तिच्या चौकटीपाशी एक स्टूल ओढून ठेवलेलं. एवान्थियाने स्टुलावर चढून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मिर्तो तिथे होती. खिडकीपासून दोन-तीन हात खाली, बाजूच्या खडकाच्या धारेवर पाठ टेकून बसलेली, गुडघे छातीशी घट्ट. धार ताटाएवढी रुंद. तिच्या पावलांच्या पुढे काही नव्हतं, खूप खाली फेस होता. वाऱ्याने तिचा सदरा फुगत होता. पिवळा होता सदरा.

"मिर्तो," एवान्थिया शक्य तितक्या हळू म्हणाली.

मुलीने वर पाहिलं, तिला ओळखलं, आणि सरकली. तिच्याकडे नव्हे, तिच्यापासून दूर. कडेच्या दिशेने. टाचेखालचा एक दगड सुटला आणि बऱ्याच वेळाने खाली वाजला.

 ही पोर वाऱ्याला भीत नव्हती, कड्याला भीत नव्हती. ती आपल्याला भीत होती.

"मी कशालाच हात लावला नाही," मिर्तो म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "नुसतं बघितलं. खरंच."

"माहितीये मला, बाळा."

"मग दार लागलं. त्यांनी लावलं."

"ऐक माझं. संतांनी नाही लावलं. मी लावलं."

मिर्तोचं सरकणं थांबलं.

"मी लावलं. तू आत आहेस हे मला माहीत नव्हतं. मी एक मूर्ख बाई आहे, मला बकऱ्यांचा धाक वाटतो, म्हणून मी कडी लावते. आणि संत कोंडून ठेवतात असं मी म्हणाले ना, ते खोटं होतं. तुझ्या प्रश्नांना कंटाळले होते, तारल्या करपत होत्या, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. संत कुणाला कोंडत नाही."

"तू शपथ घे."

"माझ्या दोन्ही मुलांची शपथ."

लाट आपटली. खाली, त्याच वेळी, खडकाच्या वळशामागून स्त्रातिसची छोटी होडी आली. तो पाण्यात बघत होता. मग त्याने वर पाहिलं. त्याने हाक मारली नाही. इंजिन बंद केलं आणि होडी तशीच लाटांवर आदळू दिली, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. एवान्थियाने त्याला तेवढं पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याच्याकडे बघत राहिलं असतं तर ती रडली असती.

"मावशी," मिर्तो म्हणाली. "तू आत आली आहेस."

"हो."

"पण तुला पण नसतं यायचं."

"नसतं."

"मग?"

"मग आता जे काय व्हायचं ते दोघींचं होईल. तू एकटी नाहीस." तिने खांदा फटीत रेटला. चौकटीने बाही फाटली, कातडी सोलली. अख्खा हात बाहेर खाली लोंबला, बोटं पसरली. "उठायचं नाही. पाठ भिंतीला लावून सरक. एवढंसं. अजून. शहाणी माझी. खाली बघायचं नाही, माझ्या नाकाकडे बघ. केवढं मोठं नाक आहे बघ."

मुलगी सरकली. एकदा तिचा पाय घसरला आणि एवान्थियाच्या तोंडून निघालेला आवाज तिचा तिलाच ओळखता आला नाही. मग थंडगार, मातीने माखलेली बोटं तिच्या मनगटाला लागली. तिने ती पकडली. कशी पकडली ते पकडणाऱ्या हातालाच ठाऊक. त्या हाताने मिर्तोला भिंतीवरून वर खेचलं, दुसऱ्या हाताने सदऱ्याची मान धरली, आणि ती काडी त्या फटीतून, कोपर, डोकं, बरगड्या अशी एकेक करून आत आली. दोघी स्टुलावरून खाली त्या धुळीत कोसळल्या. गाभाऱ्याच्या जमिनीवर एवान्थिया तिला छातीशी धरून बसली आणि ढसाढसा रडली. मिर्तो रडली नाही. तिने फक्त एवान्थियाच्या पोलक्याचा पुढचा भाग मुठीत धरला.

खाली गेल्यावर काय झालं ते सांगायला नको. दानाईने मुलीला कवटाळलं, चापटी मारली, पुन्हा कवटाळलं. मग तिने एवान्थियाचे हात घेतले आणि त्यांची चुंबनं घेऊ लागली. "तुम्ही माझं घर वाचवलंत," ती म्हणत होती. लोक टाळ्या वाजवत होते. एक म्हातारी एवान्थियाला दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावर तीनदा थू-थू करून गेली. स्त्रातिसने रेडिओवरून पोलिसांना सापडली म्हणून कळवलं आणि सगळ्यांना लाँचवर चढवलं, कारण वारा आता ऐकायला तयार नव्हता.

दोर सोडताना त्याने तिला कोपऱ्यात गाठलं. तो सगळं समजून चुकला होता. तीस वर्षांचा संसार होता.

"देव पावला," तो हळूच म्हणाला. "आता तोंड मिटून बस. पोरगी खिडकीतून गेली, तू काढलीस. बास."

"आणि कडी?"

"वाऱ्याने पडली असेल. कोण विचारतंय?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, विनवणीच्या सुरात, "एवान्थिया, उद्या कोणी लहान मूल घेऊन आपल्या लाँचवर पाऊल ठेवणार नाही. आपल्याला दुसरं काय येतं?"

त्याचं खोटं नव्हतं.  लाँच बेटाच्या आडोशातून बाहेर पडली आणि पहिली मोठी लाट तिच्या नाकावर फुटली. लोक बाकांना धरून बसले, कोणी ओकत होतं, कोणी प्रार्थना करत होतं. मिर्तो आईच्या मांडीवर होती, पण तिचा एक हात मधल्या जागेतून एवान्थियाकडे आलेला; लाँच सुटताच तिने पुन्हा पोलकं मुठीत धरलं होतं आणि मग सोडलंच नव्हतं. सोडवायला गेलं की अंग ताठ करायची. म्हणून एवान्थियाला त्यांना चिकटूनच बसावं लागलं होतं. मुलगी हळूहळू झोपली. दानाई तिच्या केसांतली धूळ काढत होती आणि मधूनच एवान्थियाकडे बघून हसत होती, कृतज्ञतेने डोळे भरून. ते हसू एवान्थियाला सोसवेना. लाटांची भीती तिला लहानपणापासून नव्हती. पण आता तोंड उघडायची वाटत होती.

"दानाई," ती म्हणाली. "देवळाची कडी मी लावली होती."

"हो, म्हणालात तुम्ही. आत बघून लावलीत."

"गाभाऱ्यात नाही बघितलं. ती आत होती. आणि त्याआधी मी तिला म्हटलं होतं की आत गेलीस तर संत कोंडून ठेवतील. थट्टेत म्हटलं. तिने ते खरं मानलं. म्हणून ती ओरडली नाही. म्हणून खिडकीतून गेली."

दानाईने तिच्याकडे पाहिलं. गणित सोडवताना माणसं बघतात तसं.

"म्हणजे मी हाका मारत होते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तिला ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळा वेळ?"

"हो."

"मी टाकीपाशी होते तेव्हाही?"

एवान्थियाने मान डोलावली. 

दानाईच्या चेहऱ्याचा रंग उतरला, मग चढला. ती शिवी देईल, मारेल, ओरडेल असं एवान्थियाला वाटलं आणि तिला ते हवंही होतं. पण लेक झोपली होती. "उठा इथून," दानाई दातांतल्या दातांत म्हणाली. "लांब जा माझ्या मुलीपासून. आत्ताच्या आत्ता."

एवान्थिया उठली. पोलकं ताणलं गेलं. मिर्तोची मूठ सुटली नाही. दानाईने ती बोटं सोडवायला घेतली, एकेक करून, आणि तिसरं बोट सोडवताच मुलगी झोपेतच अशी काही कळवळून किंचाळली की सगळी लाँच वळून बघू लागली. दानाईने हात मागे घेतला. बोटं पुन्हा घट्ट मिटली.

"बसा," दानाई शेवटी म्हणाली. तिने तोंड फिरवलं होतं.

एवान्थिया बसली. बंदर अजून पाऊण तासावर होतं. तो पाऊण तास त्या दोघी मांडीला मांडी लावून बसल्या, लाट आली की एकमेकींवर आदळत होत्या, आणि दानाईने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.